ठिसूळ पदार्थांचा शोधयात्री

डिसेंबर १९६०. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत, अर्धा मिलिमीटरही जाडी नसलेली एक करडी तार उणे २६९ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवून एका बलाढ्य विद्युत् चुंबकाच्या पोटात ठेवण्यात आली होती. चुंबकाचे क्षेत्र वाढवत नेले, तरी तारेतून विद्युत् प्रवाह कोणत्याही रोधाविना वाहतच राहिला. अखेर थांबावे लागले ते चुंबकालाच. ८८ हजार गॉसच्या पुढे जाण्याची त्याची ताकद नव्हती. तारेची मात्र शिल्लक होती.

ही तार ज्या पदार्थाची होती, तो निओबियम आणि कथिल यांचा संयुग-धातू सहा वर्षांपूर्वी याच प्रयोगशाळेत सापडला होता. तो शोधणाऱ्या चमूचे प्रमुख होते बर्न्ड माथियास. फेब्रुवारी १९६१ मध्ये या प्रयोगाचा निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यावर चार नावे होती. त्यांत माथियास यांचे नाव नव्हते आणि ते असण्याचे कारणही नव्हते. पदार्थ त्यांनी शोधला होता, तार दुसऱ्यांनी ओढली होती. या दोन कामांमधले अंतर किती मोठे असते, हे माथियास यांचे आयुष्य पाहिले की उमगते.

अतिसंवाहकतेचा शोध हॉलंडमधील लायडन येथे १९११ साली हाइके कामरलिंग ऑन्स यांनी लावला. पारा ४.२ केल्विनपर्यंत थंड केला असता त्याचा विद्युत् रोध एकाएकी नाहीसा होतो, असे त्यांना आढळले. केल्विन मापनात शून्य म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअस, हे ध्यानात घेतले म्हणजे ही थंडी किती भयंकर असते याची कल्पना येईल. रोध नाही म्हणजे उष्णता नाही, आणि उष्णता नाही म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून वाटेल तेवढा प्रवाह सोडून हवा तेवढा शक्तिशाली चुंबक करता येईल, असा विचार ऑन्स यांच्या मनात साहजिकच आला. शिकागो येथे १९१३ साली भरलेल्या शीतकरण परिषदेत त्यांनी १ लाख गॉसच्या चुंबकाचे स्वप्न मांडलेही. पण शिशाच्या तारेचे वेटोळे करून पाहिले, तर अवघ्या काहीशे गॉसच्या क्षेत्रात तिची अतिसंवाहकता मावळली. स्वतः निर्माण केलेले चुंबकीय क्षेत्रच तारेला मारक ठरत होते. ऑन्स १९२६ साली निवर्तले. त्यांचे स्वप्न पुढे जवळजवळ अर्धशतक तसेच पडून राहिले.

माथियास यांचा जन्म ८ जून १९१८ रोजी जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात झाला. नाझी राजवटीच्या काळात ते स्वित्झर्लंडला आले आणि झुरिकच्या सुप्रसिद्ध तंत्रविद्यापीठात, म्हणजे ईटीएचमध्ये, पदार्थविज्ञान शिकू लागले. तेथे त्यांना गुरू लाभले पाउल शेरर. मोठा, निर्दोष स्फटिक हाती नसला तरी पदार्थाची भुकटी करून तिच्यावर क्ष-किरण सोडावेत आणि उमटलेल्या वर्तुळांवरून त्याची अंतर्गत रचना ओळखावी, ही पीटर डेबाय यांच्यासमवेत शेरर यांनी १९१६ साली शोधलेली पद्धत आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाते. पदार्थ कसाही असो, त्याची रचना कळलीच पाहिजे, हा आग्रह माथियास यांनी तेथूनच घेतला असावा. १९४३ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

युद्धानंतर १९४७ मध्ये ते अमेरिकेला गेले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये काही काळ काम करून १९४८ साली बेल प्रयोगशाळेत दाखल झाले. अतिसंवाहकतेशी अद्याप त्यांचा काही संबंध नव्हता. ते फेरोइलेक्ट्रिक पदार्थांच्या मागे होते. लोहचुंबकात जसे चुंबकीय ध्रुव आपोआप निर्माण होतात, तसे या स्फटिकांत विद्युत् ध्रुव निर्माण होतात. त्या काळी असे पदार्थ मोजकेच ठाऊक होते आणि ते दुर्मीळच असणार अशी समजूत होती. माथियास यांनी ती मोडीत काढली. लिथियम निओबेट आणि लिथियम टँटलेट हे फेरोइलेक्ट्रिक आहेत, हे त्यांनी सहकारी जोसेफ रेमेइका यांच्यासह १९४९ साली दाखवून दिले. प्रकाशीय दूरसंचारात पुढे लिथियम निओबेटला फार मोठे स्थान मिळाले. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या पदार्थांवर त्यांनी आपली पहिली कीर्ती उभी केली, ते सारे ऑक्साइड होते.

त्याच सुमारास ते शिकागो विद्यापीठात दोन वर्षे अध्यापनासाठी गेले. तेथे एन्रिको फर्मी होते आणि केंब्रिजहून आलेला जॉन हुल्म नावाचा तरुण इंग्रज संशोधकही होता. नवे अतिसंवाहक शोधण्याची कल्पना फर्मी यांनी या दोघांच्या डोक्यात घातली, असे सांगितले जाते. अतिसंवाहकता का घडते याचे समाधानकारक उत्तर तेव्हा कोणाजवळही नव्हते. उत्तर नसेल तर आधी उदाहरणे गोळा करावीत, हा फर्मी यांच्या सूचनेमागचा साधा हिशेब. माथियास यांच्या स्वभावाला तो अगदी मानवला आणि पुढची तीस वर्षे त्यांनी दुसरे फारसे काही केले नाही.

त्यांची कामाची रीत वरकरणी स्वयंपाकघरातली वाटावी अशी होती. आवर्तसारणीतून दोन किंवा तीन मूलद्रव्ये निवडायची, ठरावीक प्रमाणात तोलायची, विजेच्या ठिणगीच्या भट्टीत वितळवून त्यांची गोळी करायची, ती द्रवरूप हेलियममध्ये बुडवायची आणि रोध नाहीसा होण्याची खूण दिसते का पाहायचे. नाही दिसली तर प्रमाण बदलायचे. या कामात अर्नेस्ट कोरेन्झविट हे तंत्रज्ञ त्यांचा उजवा हात होते. रसायनशास्त्रज्ञाची नजर आणि जुगाऱ्याचे धाडस या दोन्ही गोष्टी माथियास यांच्यापाशी होत्या. कोबाल्ट हा चुंबकीय धातू, तर सिलिकॉन हा अर्धसंवाहक. दोघांपैकी कोणीही साध्या दाबाखाली अतिसंवाहक होत नाही. पण त्यांचे संयुग होते, हे हुल्म आणि माथियास यांनी दाखवले, तेव्हा या खेळात पुस्तकी अंदाजांना फारसा अर्थ नाही अशी त्यांची खात्रीच पटली.

अर्थात हा केवळ अंधारातला शोध नव्हता. शेकडो नमुन्यांच्या नोंदींतून माथियास यांना एक सूत्र दिसू लागले. संयुगातील प्रत्येक अणूमागे बाहेरच्या कक्षांतील इलेक्ट्रॉनांची सरासरी काढली, तर ती सुमारे ४.७ किंवा ६.५ असताना अतिसंवाहकता सर्वाधिक तापमानाला अवतरते. या बेरजा-भागाकारामागे सिद्धान्त नव्हता, पण तो उपयोगी पडत होता. निओबियमजवळ असे ५ इलेक्ट्रॉन, कथिलाजवळ ४. निओबियमचे तीन अणू आणि कथिलाचा एक घेतला, तर एकूण १९ इलेक्ट्रॉन चार अणूंत विभागले जातात आणि सरासरी येते ४.७५. शिकागोत जॉर्ज हार्डी आणि हुल्म यांना व्हॅनेडियम व सिलिकॉन यांच्या तशाच तीनास एक प्रमाणातील संयुगात १७ केल्विनला अतिसंवाहकता मिळाली होती. त्याचीही सरासरी ४.७५ आणि स्फटिकरचनाही तीच. ही रचना घनाकृती असून तिच्यात निओबियमचे किंवा व्हॅनेडियमचे अणू एकमेकांना काटकोनात जाणाऱ्या साखळ्या करून बसतात. स्फटिकशास्त्रज्ञ तिला ए-१५ या नावाने ओळखतात.

१९५४ साली माथियास, थिओडोर गेबॉल, सिमूर गेलर आणि कोरेन्झविट यांनी निओबियम-कथिल हे संयुग १८ केल्विनला अतिसंवाहक होते असे जाहीर केले. तो त्या वेळचा उच्चांक होता. पुढची तेरा वर्षे त्याला कोणी लक्षणीयरीत्या ओलांडू शकले नाही.

उच्चांक झाला, निबंध छापला गेला, पण पदार्थ मात्र जिथल्या तिथे राहिला. निओबियम-कथिल हे काचेसारखे ठिसूळ आहे. वाकवायला जावे तर तुटते, ठोकायला जावे तर फुटते. त्याची गोळी करता येते. तार ओढता येत नाही, आणि तारेशिवाय चुंबक नाही. तांबे किंवा चांदी ताणली जाते, कारण त्यांतील अणूंचे थर एकमेकांवरून सरकू शकतात. ए-१५ रचनेत, निदान नेहमीच्या तापमानाला, ही सोय नाही. शिवाय हा पदार्थ तीव्र चुंबकीय क्षेत्रात टिकेल की ऑन्स यांच्या शिशाप्रमाणे शरण जाईल, हेही कोणी पाहिले नव्हते. काही मिश्रधातू अशा क्षेत्रात तग धरतात हे खार्कोव्ह येथे लेव शुब्निकोव्ह यांनी १९३७ सालीच मोजले होते. पण त्याच वर्षी स्टालिनच्या दमनसत्रात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या आणि त्यांच्या मोजमापांकडे पश्चिमेत फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. त्या मोजमापांचा अर्थ लावणारा अलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांचा सिद्धान्त १९५७ साली मॉस्कोत प्रसिद्ध झाला, आणि तोही बरीच वर्षे अलक्षित राहिला.

बेल प्रयोगशाळेत हा प्रश्न पुन्हा उभा राहिला तो दूरसंचाराच्या निमित्ताने. अतिक्षीण संदेश वाढवणाऱ्या मेसर यंत्रांसाठी स्थिर चुंबकीय क्षेत्र हवे होते. जीन कुन्झलर यांनी आधी मॉलिब्डेनम आणि ऱ्हेनियम यांच्या लवचीक मिश्रधातूची तार गुंडाळून १५ हजार गॉसचा चुंबक तयार केला. मॉरिस टॅनेनबॉम हे त्यांचे वरिष्ठ. दोघांत एक पैज लागली होती. २५ हजार गॉसच्या पुढे जाणाऱ्या दर ३ हजार गॉसमागे कुन्झलर यांना स्कॉचची एक बाटली मिळायची होती. आता पाळी आली निओबियम-कथिलाची. पण त्याची तार करायची कशी?

उत्तर मिळाले ते एखाद्या कारागिराला सुचावे असे होते, आणि अर्न्स्ट ब्यूहलर हे तसे कारागीर होतेच. पदार्थ ठिसूळ आहे ना, मग तार ओढताना तो तेथे असूच नये. निओबियम धातूची एक पोकळ नळी घ्यायची. तिच्यात निओबियम आणि कथिल यांच्या भुकट्या योग्य प्रमाणात मिसळून ठासून भरायच्या आणि तोंडे बंद करायची. निओबियम मऊ व तन्य. कथिल तर त्याहून मऊ. ही भरलेली नळी ठोकून बारीक करायची आणि मग एकाहून एक लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून, सोनार सोन्याची तार ओढतो तशी, ओढत न्यायची. भिंत ताणली जाते, आतली भुकटी कणाकणाने सरकत तिच्याबरोबर लांबते. तार हवी तेवढी बारीक झाली, तिला हवा तो वळसा दिला, की मग तिला सुमारे १००० अंश सेल्सिअसला तापवायचे. त्या उष्णतेत कथिल वितळते, निओबियमला भिडते आणि नळीच्या गाभ्यात जागच्या जागी निओबियम-कथिल तयार होते. ठिसूळपणा जन्माला येतो तो तारेचे सारे वाकणे-वळणे संपल्यावर.

डिसेंबर १९६० मध्ये हेलियममध्ये बुडवलेली तार ती हीच. ८८ हजार गॉसच्या क्षेत्रात तिने दर चौरस सेंटिमीटरमागे १ लाख अँपिअरहून अधिक प्रवाह वाहून नेला. पैजेचा हिशेब २१ बाटल्यांवर गेला. आणि ऑन्स यांनी १९१३ साली पाहिलेले स्वप्न दृष्टिपथात आले. पुढे कळले की निओबियम-कथिलाची मर्यादा २ लाख गॉसच्याही पलीकडे आहे.

या यशाने माथियास यांचे नाव पदार्थविज्ञानाच्या वर्तुळाबाहेरही पोहोचले. १९६१ सालीच ते सॅन दिएगोजवळ ला होया येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक झाले. बेल प्रयोगशाळेशी नाते त्यांनी तोडले नाही. पॅसिफिक आणि अटलांटिक अशा दोन्ही किनाऱ्यांवर त्यांचे काम चाले. ला होयाला त्यांच्याभोवती विद्यार्थ्यांचा मोठा मेळा जमला. ब्रायन मेपल, झाकरी फिस्क, तैवानहून आलेला चू चिंग-वू असे पुढे नामवंत झालेले अनेक जण त्यात होते.

तारांचे पुढे काय झाले, हेही थोडक्यात सांगायला हवे. निओबियम-कथिलाच्या पहिल्या तारा आणि फिती चुंबकात अस्थिर वागत. जाड गाभ्यात चुंबकीय क्षेत्र झटक्याने घुसे आणि तार तापून अतिसंवाहकता हरपे. गाभा एक न ठेवता केसाहून बारीक असे शेकडो तंतू तांब्यात बसवायचे, हा त्यावर तोडगा निघाला. दरम्यान निओबियम आणि टायटॅनियम यांचा ओढता येणारा, वळता येणारा मिश्रधातू हाती आला. रुग्णालयांतील एमआरआय यंत्रांचे चुंबक आजही बहुतांशी त्याच्याच तारांचे असतात. पण सुमारे ९० हजार ते १ लाख गॉसच्या पुढे तो थकतो आणि तेथून निओबियम-कथिलाचे राज्य सुरू होते. फ्रान्समधील कादाराश येथे उभ्या राहत असलेल्या ईटर या संमीलन अणुभट्टीसाठी निओबियम-कथिलाची १ लाख किलोमीटरहून अधिक तार तयार करण्यात आली. ती कासे व इतर पद्धतींनी केलेली होती, भुकटी भरलेल्या नळीची नव्हे. पण आधी तन्य धातू ओढा आणि ठिसूळ संयुग शेवटी भट्टीत जन्माला घाला, ही मूळ युक्ती तीच.

माथियास यांचे लक्ष मात्र तारेवर नव्हते. त्यांना हवे होते अधिक तापमान. त्यांच्या व्याख्यानांतून आणि लेखांतून जे काही नियम निघत, त्यांची सहकाऱ्यांनी पुढे एक यादीच केली आणि ती माथियासचे नियम म्हणून रूढ झाली. उच्च सममितीची, शक्यतो घनाकृती रचना निवडा. इलेक्ट्रॉनांची सरासरी सांभाळा. ऑक्सिजनपासून दूर राहा. चुंबकत्वापासून दूर राहा. विद्युत् रोधकांपासून दूर राहा. आणि शेवटचा नियम, सिद्धान्तवाद्यांपासून दूर राहा. हा शेवटचा अर्धा थट्टेचा असला, तरी अर्धा गंभीर होता.

सिद्धान्ताविषयीचा त्यांचा राग समजून घेण्याजोगा आहे. जॉन बार्डीन, लिऑन कूपर आणि रॉबर्ट श्रीफर यांनी १९५७ साली अतिसंवाहकतेचा सिद्धान्त मांडला. तो सखोल होता, खरा होता, नोबेलला पात्र होता. पण कोणत्या दोन धातूंचे मिश्रण किती तापमानाला अतिसंवाहक होईल, हे त्यावरून सांगता येत नव्हते. माथियास यांच्या बेरजेवरून ते बऱ्याच वेळा सांगता येई. जो सिद्धान्त एकही नवा पदार्थ हाती देत नाही, त्याचे कौतुक त्यांनी का करावे? विल्यम लिटल यांनी १९६४ साली सेंद्रिय पदार्थांत सामान्य तापमानाला अतिसंवाहकता संभवते असे भाकीत केले, तेव्हा माथियास यांनी त्यावर वर्षानुवर्षे कडाडून टीका केली. तसा पदार्थ सामान्य तापमानाला आजवर सापडलेला नाही, हे खरे. पण सेंद्रिय अतिसंवाहक असूच शकत नाही हे मात्र खोटे ठरले. एक केल्विनच्या आसपास का होईना, तो १९८० साली प्रसिद्ध झाला. तिरस्कार कधी कधी निरीक्षणाच्या पुढे धावतो, आणि माथियास याला अपवाद नव्हते.

त्यांच्या उत्तरायुष्यातली दोन दशके पाहिली तर एक प्रकारची व्याकुळता जाणवते. १९५४ मध्ये १८ केल्विन. निओबियममध्ये अॅल्युमिनियम व जर्मेनियम एकत्र मिसळून १९६७ मध्ये त्यांच्या चमूने २० केल्विनची पायरी ओलांडली. १९७३ साली वेस्टिंगहाउसच्या जॉन गॅव्हलर यांनी निओबियम-जर्मेनियमच्या पातळ थरात २३ केल्विन गाठले. वीस वर्षांत पाच अंश! तापमान जसजसे वाढवावे तसतशी स्फटिकाची रचनाच डळमळू लागते, म्हणजे ए-१५ कुळाची सीमा जवळ आली आहे, हे माथियास यांना दिसत होते. म्हणून ते तीन-तीन मूलद्रव्यांच्या संयुगांकडे वळले. १९७० साली त्यांना आणि गेबॉल यांना बकली पुरस्कार मिळाला. नोबेल मिळाले नाही.

या काळातला त्यांच्या गटाचा एक शोध विशेष म्हणावा असा. अर्बियम, ऱ्होडियम आणि बोरॉन यांचे एक संयुग ८.७ केल्विनला अतिसंवाहक होते. आणखी थंड केले की ०.९ केल्विनच्या आसपास त्यात चुंबकत्व उपजते आणि अतिसंवाहकता लोप पावते. ज्या चुंबकत्वापासून दूर राहण्याचा सल्ला ते देत, त्याच्या सीमेवर त्यांच्याच प्रयोगशाळेने १९७७ साली पाऊल ठेवले होते. चुंबकत्व आणि अतिसंवाहकता यांच्या या झुंजीला पुढे मुंबईतही एक प्रकरण जोडले गेले. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९४ साली इट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन या चार मूलद्रव्यांच्या संयुगात सुमारे १२ केल्विनला अतिसंवाहकता दाखवली. या कुळातील होल्मियम व अर्बियमच्या संयुगांत दोन्ही गुणधर्म एकत्र नांदताना आढळतात.

ऑक्सिजनचेही असेच. १९७३ साली ला होयालाच लिथियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांच्या संयुगात सुमारे १३ केल्विनला अतिसंवाहकता मिळाली. ऑक्साइडच्या मानाने हे तापमान थक्क करणारे होते. दार किलकिले झाले होते. माथियास यांनी ते पाहिले नाही असे म्हणता येणार नाही. पण पूर्ण उघडण्यासाठी वेळ उरला नव्हता. २७ ऑक्टोबर १९८० रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी, ला होया येथे त्यांचे निधन झाले.

त्यानंतर सहा वर्षांनी ते दार सताड उघडले. जॉर्ज बेडनॉर्झ आणि अॅलेक्स म्यूलर या दोघांनी झुरिकजवळच्या आयबीएम प्रयोगशाळेत लँथॅनम, बेरियम, तांबे आणि ऑक्सिजन यांच्या संयुगात ३० केल्विनच्या वरची अतिसंवाहकता शोधली. दोघेही माथियास यांच्याच ईटीएचचे विद्यार्थी. त्यांचे संयुग होते ऑक्साइड, त्याचा जनक पदार्थ होता रोधक, आणि त्या रोधकात चुंबकत्वही होते. म्हणजे माथियास यांनी जे जे टाळायला सांगितले, ते सारे एका मडक्यात! ही रचना माथियास तरुणपणी ज्या पेरोव्हस्काइट ऑक्साइडांवर काम करत, त्यांच्याच कुळातली. आणि १९८७ च्या प्रारंभी ९३ केल्विन, म्हणजे स्वस्त अशा द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाच्याही वर, पोहोचण्याचा पराक्रम ज्यांनी केला त्यांत मॉ-कुएन वू यांच्यासह ह्यूस्टनचे चू चिंग-वू होते. ला होयाला माथियास यांच्या हाताखाली १९६८ साली डॉक्टरेट घेतलेला तोच विद्यार्थी. नियम गुरूंचे मोडले. आवर्तसारणीतील मूलद्रव्ये अदलाबदल करत, हाताने पदार्थ भाजत पुढे जाण्याची रीत मात्र गुरूंचीच होती.

मग जुनाच प्रश्न नव्या रूपात समोर आला. ही ऑक्साइडे म्हणजे अक्षरशः मातीची भांडी, निओबियम-कथिलाहूनही हट्टी. त्यांची तार कशी करायची? जपानमध्ये हिरोशी माएदा यांनी १९८८ साली शोधलेल्या बिस्मथ, स्ट्राँशियम, कॅल्शियम, तांबे यांच्या ऑक्साइडाच्या बाबतीत ब्यूहलर यांची नळी पुन्हा कामास आली. या वेळी ती चांदीची होती. चांदी या ऑक्साइडाला बिघडवत नाही आणि तापवल्यावर ऑक्सिजनला आपल्यातून आरपार जाऊ देते. इतर स्वस्त धातूंना हे जमत नाही.

चांदीच्या नळीत भुकटी भरून ती ओढायची. अशा अनेक बारीक काड्या दुसऱ्या नळीत जुळवून पुन्हा ओढायच्या. आणि शेवटी पोलादी रुळांमधून लाटून त्यांची सुमारे ४ मिलिमीटर रुंद आणि पाव मिलिमीटर जाड फीत करायची. या लाटण्यालाच येथे खरे महत्त्व आहे. बिस्मथच्या ऑक्साइडाचे कण अभ्रकाच्या पापुद्र्यांसारखे चपटे असतात. रुळांच्या दाबाखाली ते फितीला समांतर आडवे पडतात आणि प्रवाहाला एका पापुद्र्यातून दुसऱ्यात जाण्यास सलग वाट मिळते. एकाच फेरीत फार दाबले, तर चांदी मऊ आणि भुकटी कठीण असल्यामुळे आतले तंतू कुठे फुगतात, कुठे आवळले जातात, आणि जेथे आवळले जातात तेथे प्रवाह अडतो. कमी दाबले, तर भुकटीत पोकळ्या राहतात. म्हणून थोडे लाटायचे, सुमारे ८४० अंशांच्या भट्टीत भाजायचे, भाजताना सुटलेला भुसभुशीतपणा घालवण्यासाठी पुन्हा लाटायचे आणि लाटताना पडलेल्या भेगा भरून येण्यासाठी पुन्हा भाजायचे. जपानच्या सुमितोमो कंपनीने शेवटच्या भाजणीत सुमारे ३०० वातावरणांचा दाब देऊन या पोकळ्या जवळपास नाहीशा केल्या. या फितींची किंमत मुख्यतः चांदीनेच चढते, ही त्यांची अडचण राहिलीच.

२००१ साली आणखी एक गंमत झाली. मॅग्नेशियम आणि बोरॉन यांचे एक साधे संयुग, जे १९५० च्या दशकापासून रसायनांच्या कपाटांत बाटलीबंद होते, ते ३९ केल्विनला अतिसंवाहक होते असे जपानच्या जून अकिमित्सु यांच्या गटाने जाहीर केले. बोराइडांत इतकी वर्षे घालवलेल्या माथियास यांच्या पिढीने ही बाटली हेलियममध्ये बुडवून पाहिली नव्हती, कारण मॅग्नेशियमसाठी त्यांच्या इलेक्ट्रॉनांच्या बेरजेत जागा नव्हती. त्याचीही तार आज भुकटी नळीत भरूनच होते.

जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेतील महाकाय कण-त्वरकात, बाहेरच्या उबदार जगातून थंड चुंबकांपर्यंत हजारो अँपिअर प्रवाह नेणाऱ्या एक हजाराहून अधिक जोडण्या आहेत. त्यांत बिस्मथ ऑक्साइडाच्या फिती बसवलेल्या आहेत. उष्णता आत झिरपू नये म्हणून त्यांच्या चांदीत थोडे सोने मिसळलेले आहे. याच त्वरकाच्या सुधारणेसाठी निओबियम-कथिलाचे नवे चुंबकही बांधण्यात आले आहेत. सध्याच्या जोडण्यांत ऑक्साइडची फीत जेथे संपते, तेथून हेलियमच्या थंडीत निओबियमच्या मिश्रधातूची तार सुरू होते.